दिल्ली पासिंगची डिझेल गाडी ग्वाल्हेरात घेताना

प्रश्न थोडक्यात असा: मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, नोकरी मालनपूरला. रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात, शिवाय वर्षातून दोनदा पुण्याची फेरी. दिल्ली पासिंगची 2017 ची व्हिटारा ब्रेझा डिझेल बघितली आहे. मीटर 61 हजार, गाडी दिसायला स्वच्छ, आणि इथल्या त्याच मॉडेलपेक्षा बरीच स्वस्त. घ्यावी का? घेण्याआधी काय काय बघावं?

मीटरपासूनच सुरुवात करतो, कारण तुम्ही भुललेले दिसताय ते त्या 61 हजारांवर. पेट्रोल गाडीत कमी मीटर म्हणजे कमी झीज, हा हिशेब बऱ्यापैकी चालतो. डिझेलमध्ये गाडी किती चालली यापेक्षा कशी चालली याला जास्त महत्त्व. 2017 पासून आजवर 61 हजार म्हणजे वर्षाकाठी जेमतेम सात हजार. दिल्लीत एवढी कमी चालणारी गाडी बहुधा घर ते मेट्रो स्टेशन, घर ते शाळा, घर ते बाजार एवढीच हिंडलेली असते. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद, संध्याकाळी पुन्हा तेच. अशा चालीत काजळी जळून जात नाही. ती ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्या), टर्बोच्या (हवा दाबून भरणारा पंखा) पात्यांवर साचत राहते. उलट झाशी-शिवपुरी रोडवर पळून सव्वा-दीड लाख झालेली, ऑइल वेळच्या वेळी बदललेली गाडी आतून जास्त स्वच्छ निघते. दोन्ही समोर ठेवल्या तर मी दुसरी उचलीन, आणि पैसेही कमी मोजीन.

हे झालं 61 हजार खरे असतील तर. त्याकडे पुढे येतो.

तुमची स्वतःची चाल मात्र डिझेलला मानवणारी आहे. भिंड रोडवर रोज पंचवीस किलोमीटरचा सलग पल्ला मिळाला की इंजिन तापतं, मोकळं होतं. शहरात बाड्यावर राहून शहरातल्याच मुरारला नोकरी करणाऱ्या कुणी हाच प्रश्न विचारला असता तर ‘पेट्रोल घ्या’ म्हणून मी दोन ओळींत उत्तर संपवलं असतं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचा नवा सरकारी दर्जा) डिझेल गाड्यांना तर हे आणखी लागू, कारण त्यांच्यात काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि तो साफ व्हायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात पळावी लागते. तुमची 2017 ची गाडी आधीच्या बीएस-4 दर्जाची आहे, डीपीएफची कटकट तिला नाही.

आता ती स्वस्त का, ते. गाडीत खोट आहे म्हणूनच स्वस्त, असं धरून चालू नका. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2015 मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये (दिल्ली आणि भोवतालचे जिल्हे) दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून आठव्या-नवव्या वर्षी दिल्लीकर डिझेल गाडी काढायला बघतो आणि ती आग्रा, ग्वाल्हेर, झाशी अशा गावांकडे वाहत येते. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने नुसत्या वयावरून कारवाई नको असं म्हटलं, डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. म्हणजे तुमच्या ब्रेझाला सध्या अभय आहे, पण हे आदेश अंतरिम आहेत, त्यांच्या भरवशावर दहा वर्षांचं गणित मांडू नये. आपल्याकडे मध्य प्रदेशात मात्र तिची नोंदणी पूर्ण पंधरा वर्षं, म्हणजे 2032 पर्यंत चालते. अडचण येते ती दिल्लीला जाताना. कोसी सोडून होडल लागलं की पलवल जिल्हा, म्हणजे एनसीआर सुरू. हिवाळ्यात हवा बिघडून ग्रॅप या प्रदूषणविरोधी योजनेचा तिसरा टप्पा लागू झाला की दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि नोएडात बीएस-4 डिझेल चारचाकी चालवायलाच मनाई होते. सासुरवाडी नोएडाला असेल तर डिसेंबर-जानेवारीत शताब्दीने जायची तयारी ठेवा.

गाडी बघायला जाल तेव्हाची सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे थंड इंजिन. आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी अजिबात चालू करू नका. पोचलात की बोलणं सुरू करायच्या आधी बॉनेटवर हात ठेवा, मग बॉनेट उघडायला लावून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. कोमट लागला तर ‘बॅटरी उतरली होती म्हणून जरा चालू केली’ असं काहीतरी ऐकायला मिळेल. वाद घालू नका, उद्या सकाळी येतो म्हणा. दुसऱ्या दिवशीही तेच झालं तर तिसऱ्यांदा जायची गरज नाही.

सेल्फ मारायच्या आधी इग्निशन नुसतं ऑन करा आणि मीटरकडे बघा. इंजिनच्या चित्राचा दिवा, ऑइल, एबीएस, एअरबॅग, आणि पिवळ्या वेटोळ्याचा हीटर प्लगचा (थंड इंजिन आधी तापवणारा) दिवा, हे सगळे आधी लागले पाहिजेत. वेटोळं काही क्षणांत विझतं, बाकीचे इंजिन चालू झाल्यावर. लोक विझण्याकडे बघतात, लागण्याकडे बघत नाहीत. जो दिवा लागतच नाही त्याच्यावर कुणीतरी टेप चिकटवली आहे किंवा आतून तो बंदच केला आहे. एअरबॅगचा दिवा असा गायब असेल तर मोठा अपघात झालेला आहे असंच धरा.

मग सेल्फ. चांगलं कॉमन रेल इंजिन एक-दोन सेकंदांत पकडतं. पहिले दोन-तीन सेकंद कान द्या. या ब्रेझात 1248 सीसीचं, मूळ फियाटचं मल्टिजेट इंजिन आहे. त्याला टाइमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडणारा पट्टा) नाही, चेन आहे, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल बदलायला उशीर करत गेलेल्या गाडीत चेन सैल पडते आणि चालू होताच साखळी घासल्यासारखी खडखड येते, ऑइलचा दाब चढला की थांबते. विक्रेता म्हणेल डिझेल आहे, आवाज करणारच. डिझेलची टकटक एकसारखी आणि कायम असते. सुरुवातीला येऊन जाणारी खडखड वेगळी. चेनचं काम इंजिनाचं अर्धं पोट उघडणारं आहे आणि ऐन रस्त्यात चेन तुटली तर व्हॉल्व्ह-पिस्टन एकमेकांवर आदळतात.

एक ग्वाल्हेरची गोष्ट लक्षात ठेवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना हीटर प्लग मेलेली गाडीही एका सेल्फमध्ये चालू होते. ती बोंब मारते जानेवारीच्या धुक्यात. म्हणून उन्हाळ्यात गाडी घेत असाल तर मिस्त्रीला मीटर लावून हीटर प्लग तपासायला सांगा. उन्हाळ्याचा फायदाही आहे: भर दुपारी एसी लावून गाडी वीस मिनिटं जागेवर उभी ठेवा. रेडिएटर, पंखा, एसीचा कॉम्प्रेसर, तिघांची परीक्षा एकदम होते.

धूर बघायला कुणालातरी मागे उभं करा. चालू होताच किंचित पांढरी वाफ आली आणि गेली तर काही नाही. पांढरा धूर टिकून राहिला आणि डोळ्यांना चरचरला तर डिझेल न जळता बाहेर येतंय, म्हणजे इंजेक्टर (डिझेल फवारणारं नोझल) किंवा कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब). पांढऱ्याला गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय, हेड गॅस्केटकडे (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल, टर्बोच्या सीलमधून नाहीतर रिंगांमधून. रेस दिल्यावर काळ्या धुराचा एक भपकारा जुन्या डिझेलला माफ आहे, पण सतत काळा ओकत असेल तर हवा कमी पडते आहे: चोक झालेली ईजीआर, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा फाटका होज, नाहीतर जास्त डिझेल सोडणारा इंजेक्टर.

इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण उघडा आणि उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं. ते उड्या मारायला लागलं, बाजूला फेकलं गेलं, किंवा भोकातून लयीत धुराचे ठोके येऊ लागले, तर पिस्टनच्या रिंगा संपत आल्या आहेत. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हे दिसल्यावर भाव करत बसू नका, निघा. बाहेरून पॉलिश मारलेली, आतून शॅम्पू केलेली, नव्या सीट कव्हरची गाडी या एका झाकणापुढे उघडी पडते, आणि ही तपासणी फुकट आहे.

नंतर इंजिन बंद करून वरचं प्लॅस्टिक कव्हर काढायला लावा आणि चारही इंजेक्टरच्या बुडाशी टॉर्च मारा. तिथे साधी धूळ असेल तर ठीक. डांबरासारखा काळा, चकचकीत, नखाने खरवडला तरी न निघणारा थर दिसला तर खालची तांब्याची वॉशर गळते आहे आणि जळलेला वायू वर येऊन तिथे घट्ट होतो आहे. इंजिन चालू असताना त्याच जागी बारीक छुकछुक ऐकू येते. वेळेवर केलं तर काम नुसत्या वॉशरचं. वर्षानुवर्षं तसंच चालवलं की इंजेक्टर हेडमध्ये असा रुततो की काढताना मोडतो, मग हेडच उतरवावं लागतं. इंजेक्टरांची खरी प्रकृती कळते रिटर्न टेस्टने: प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या बाटलीत सोडायची, इंजिन काही मिनिटं चालवायचं आणि चारही बाटल्या शेजारी ठेवून बघायच्या. एकात इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर आतून झिजला. गाड्यांचे डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करणारा कोणताही पंप-नोझलवाला हे करून देतो. चार इंजेक्टर बदलायचे म्हणजे पाच आकडी खर्च, तेव्हा या टेस्टचे पैसे वाचवू नका.

डिपस्टिकवर ऑइल काळंकुट्ट दिसेल, त्याला घाबरू नका, डिझेलचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं. बघायची ती पातळी. वरच्या खुणेच्याही वर असेल तर ऑइलमध्ये डिझेल उतरत असण्याची शंका घ्या. वास घ्या, कळेल. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय असेल तर पाणी. कूलंट टाकीत रंगीत असावं. गंजाचं तांबूस पाणी दिसलं तर कुणीतरी उन्हाळाभर नळाचं पाणी ओतत राहिलं आहे, आणि ही सवय आपल्याकडे फार.

आता मीटर. ‘सर, सिंगल हैंड गाड़ी है, डॉक्टर साहब की’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की दिल्लीत डॉक्टरांशिवाय कुणी गाडी घेतच नसावं. मीटर मागे करणं काही अवघड राहिलेलं नाही, पण सगळीकडचा आकडा पुसणं अवघड आहे. अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी नंबर देऊन सर्व्हिसची नोंद काढून घ्या. तारीख, किलोमीटर आणि शहर तिन्ही कळतं. चांगला स्कॅनर इंजिनच्या ईसीयूव्यतिरिक्त (इंजिन सांभाळणारा संगणक) इतर मॉड्यूल वाचतो, काही गाड्यांत तिथे किलोमीटर वेगळे नोंदलेले सापडतात. एका गिऱ्हाइकासाठी बघितलेल्या दिल्लीच्या सेडानमध्ये मीटरवर साठ हजारांच्या आत आणि सर्व्हिसच्या नोंदीत तीन वर्षांपूर्वीच एक लाख पार, असा प्रकार निघाला. स्कॅनर लावाल तेव्हा आणखी एक गोष्ट वाचायला सांगा: एरर कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. तिथे दहा-बारा दिसलं तर तुम्ही यायच्या जरा आधी कुणीतरी काहीतरी पुसलं आहे.

टायरवरही तारीख असते. बाजूला चार आकडे असतात, उदाहरणार्थ 2317, म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. 61 हजारांच्या गाडीवर टायरचा तिसरा संच असेल तर हिशेब बसत नाही. काचांच्या कोपऱ्यातही वर्षाची खूण असते. बाकी सगळ्या काचा 2017 च्या आणि एकच 2021 ची, तर त्या बाजूला काय झालं ते विचारा.

चालवून बघताना बाड्याभोवती एक चक्कर मारून काहीही कळत नाही. गाडी आधी मालनपूर रोडवर काढा, तसाही तो तुमचा रोजचा रस्ता. तिसऱ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. 1800 च्या खाली हे इंजिन झोपलेलंच असतं, तो दोष नाही. दोन हजारच्या आसपास मात्र पाठीला सीटचा दाब जाणवला पाहिजे. खेच आलीच नाही, किंवा गाडी तीन हजारच्या पुढे जायलाच तयार नसली, तर टर्बो, त्याचा होज किंवा सेन्सर. सायरनसारखी वाढत जाणारी शिटी असेल तर टर्बोचं बेअरिंग गेलं. मग चौथ्या गिअरमध्ये चाळीसवर असताना एकदम दाबा. आरपीएम वर पळाले आणि वेग तिथेच राहिला, म्हणजे क्लच प्लेट संपली. शंका राहिली तर किल्ल्याचा उरवाई गेटचा चढ आहेच, फक्त रविवारी पर्यटकांच्या गर्दीत जाऊ नका. क्लच पेडल जड लागणं हीही प्रेशर प्लेट थकल्याची खूण.

बॉडीबद्दल थोडक्यात. दारांचं रबर खेचून आतले स्पॉट वेल्ड बघा, कंपनीचे गोल आणि सारख्या अंतरावर असतात. बॉनेटच्या आत दोन्ही अप्रन (पुढच्या चाकांवरचे आतले पत्रे) आणि पुढची पट्टी, मागे डिकीचा फ्लोअर, हे कापून जोडलेले नकोत. बंपर आणि दारं रंगवलेली असणं दिल्लीच्या गाडीत गृहीतच धरा. पाण्यात बुडालेली गाडी मात्र नकोच. 13 जुलै 2023 रोजी यमुना 208.66 मीटरवर गेली तेव्हा दिल्लीतल्या कितीतरी वस्त्यांत पाणी शिरलं होतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, बुडलेल्या गाडीत बेल्टवर पाण्याची रेघ राहते. स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात गाळ बघा, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा.

दिल्लीची नको, इथलीच, ग्वाल्हेर पासिंगची ‘एमपी 07’ घेऊ असं वाटत असेल तर त्यातही एक मेख आहे. आपल्या व्यापार मेळ्यात सूट जाहीर झालेल्या वर्षी गाडी घेतली की रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळते, पण त्यासाठी नोंदणी ग्वाल्हेर आरटीओत करावी लागते. त्यामुळे सूट असलेल्या वर्षांत बाहेरगावच्या लोकांनीही इथून गाड्या नेल्या. नंबर 07 आहे म्हणून गाडी ग्वाल्हेरात वाढली असं नाही. पुन्हा सर्व्हिसची नोंदच बघायची.

कागद. एमपरिवहन ॲपवर मालक कितवा, कर्ज चढलेलं आहे का, इन्शुरन्स आणि प्रदूषण प्रमाणपत्र कधीपर्यंत, हे घरबसल्या कळतं. ई-चलान वेगळं तपासा, दिल्लीच्या गाडीवर कॅमेऱ्यांची चलानं हमखास असतात. इन्शुरन्स पॉलिसीतला नो क्लेम बोनस वाचा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्के असतो. या वयाच्या गाडीला एकाच मालकाकडे शून्य किंवा 20 टक्के दिसला तर एक तर नुकताच क्लेम झाला आहे, नाहीतर पॉलिसी मध्येच तुटली होती. चासी नंबर गाडीवर ठोकलेला स्वतः बघा, आरसीशी अंकन् अंक ताडा. दिल्ली आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), म्हणजे फॉर्म 28, ग्वाल्हेर आरटीओच्या नावाने असावी. आग्र्याच्या नावाची एनओसी दाखवून ‘चालतं सर’ म्हणतील, चालत नाही. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म 35. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथे ठेवली तर नवी नोंदणी बंधनकारक आहे, आणि तिच्यासोबत मध्य प्रदेशचा रोड टॅक्स येतो. गाडीच्या वयाप्रमाणे तो किती बसेल ते आरटीओत आधी विचारा आणि किमतीत मिळवा. पुष्कळदा दिल्लीची ‘स्वस्ताई’ इथेच निम्मी विरघळते.

ब्रेझा सोडून दुसरी कुठली बघत असाल तर एवढं विचारा की बेल्ट की चेन. डस्टरचं 1.5, फोक्सवॅगन-स्कोडाचं 1.5 टीडीआय, जुन्या इनोव्हाचं 2.5, यांना टाइमिंग बेल्ट आहे. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असं समजून तेवढे पैसे कापा.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर माझी सीमारेषा अशी: बॅक कॉम्प्रेशन, चेनची खडखड, कापलेलं अप्रन, पाण्याची रेघ किंवा एनओसीची टाळाटाळ, यातलं एक जरी निघालं तरी सोडा. ईजीआर साफ करणं, हीटर प्लग, क्लच, टायर, शॉकअप ही कामं निघाली तर त्यांचा अंदाज लिहून घ्या आणि तेवढी किंमत कमी करून मागा. सर्व्हिसच्या नोंदीत दरवर्षी किंवा दर दहा हजाराला ऑइल बदललेलं दिसलं, तर थोडे जास्त द्यावे लागले तरी द्या. आणि घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर आणि कूलंट बदला, जुना डिझेल फिल्टर फेकायच्या आधी त्यातलं डिझेल पांढऱ्या वाटीत ओतून बघा. तळाला पाणी किंवा चमचमणारा धातूचा चुरा दिसला तर पंप-नोझलवाल्याला लगेच दाखवा, पुण्याच्या फेरीची वाट बघू नका.